कोझुएच्या पायाची वही

१४ जुलै, सोमवार

कंपनीच्या आहारवाल्या बाई आल्या होत्या. ही वही देऊन गेल्या. म्हणाल्या, "सावादाबाई, कोझुए रोज काय खाते, किती खाते, ताटात काय ठेवते ते लिहीत जा. टाचेमागची शीर जुळायची तर खाणं नीट लागतं." मी म्हटलं, मी नववी झाल्यावर मासळीच्या कारखान्यात गेलेली बाई, मला कुठलं लिहिणं. म्हणाल्या, यादी तर कराल? करीन.

सकाळ: भात, मिसोचं सार, अंडं, पालक. सगळं संपवलं.
संध्याकाळ: बांगडा, टोफू, भात दोनदा. पालक परत दिला तर तोंड वाकडं केलं, पण खाल्ला.

यादी झाली आणि पान अर्धं उरलं. मला अर्धं पान सोडवत नाही.

कोझुए आमच्या कंपनीच्या बॅडमिंटन संघात खेळते. अठराव्या वर्षी इथे वसतिगृहात आली, आता एकोणतीस. बारा पोरी आहेत, त्यांचं रांधणं गेली चौदा वर्षं माझ्याकडे. सकाळी कंपनीत कागद हलवायचे, दुपारनंतर जिममध्ये फूल मारायचं, असं यांचं चालतं. गेल्या महिन्यात मोठ्या स्पर्धेत कोझुएने उडी मारली आणि डाव्या टाचेमागची शीर तुटली. आवाज वरच्या रांगेपर्यंत आला म्हणे. मी नव्हते. मी तिचा एकही सामना पाहिलेला नाही. सामन्याच्या दिवशी पोरी भुकेने वेड्या होऊन येतात, मी तिथे टाळ्या वाजवत बसले तर रांधणार कोण? पण ताट बघून मला सगळं कळतं. हरली की नुसतं लोणचं आणि भात. जिंकली की काहीही, कितीही.

तिला परत उभी करीन. कापायचं-शिवायचं ते डॉक्टरांनी केलं, पुढचं माझ्यावर.

२ ऑगस्ट

योनेझावा सर जेवायला थांबले. हे संघाचे प्रशिक्षक. चांगला माणूस, पण एक वाक्य बोलायला दोन वाट्या सार लागतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "फेब्रुवारीतल्या लीगला एकेरी खेळणाऱ्यांतली दुसरी जागा कोझुएचीच. तोवर इबुकी सांभाळेल." कोझुए कुबड्या टेकून उभी राहिली, वाकली आणि म्हणाली, "हो सर. करते मी."

किती धीराची पोरगी. मला भरून आलं.

इबुकी म्हणजे यंदा आलेली, एकोणीस वर्षांची, दक्षिणेकडची. दार आपटते, हसते तर खिडक्या वाजतात. कोझुएची जागा सांभाळणार म्हणे! आज तिच्या ताटात माशाची शेपटी वाढली. मुद्दाम.

संध्याकाळ: कोझुएने सगळं संपवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कुबड्या सुटल्या. जिममध्ये अजून काम नाही, म्हणून कंपनीने तिला पाठवणी विभागात पूर्ण दिवस बसवलंय. ट्रकमध्ये माल भरून कुठल्या रस्त्याने कुठे धाडायचा ते बघतात तिथे. मला वाईट वाटलं. ज्या पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते तिला खुर्चीत बसवली.

संध्याकाळी आंघोळ करून केस पुसत जिन्यावरून गुणगुणत उतरली. अकरा वर्षांत ही पोरगी गुणगुणताना ऐकली नव्हती. दुःख झाकण्यासाठी माणूस काय काय करतो. मी एक अंडं जास्त वाढलं.

२४ ऑक्टोबर

गाल भरलेत. आहारवाल्या बाई म्हणाल्या, वजन जरा जास्त वाढतंय. मी म्हटलं, तुमचा काटा तुमच्यापाशी ठेवा, ती ताकद आहे.

हल्ली कंपनीतून सात वाजता येते. बाकीच्या पोरी जिममधून सहाला येतात. मला कळतं सगळं. जिमवरून येताना बुटांचा आवाज ऐकवत नाही तिला, म्हणून उशिरा येते बिचारी.

आणि ती इबुकी! आज जेवणाच्या टेबलावर कोझुएची रॅकेट घेऊन बसली होती. मी ओरडले, "तिच्या रॅकेटला हात का लावलास?" तर म्हणते, "जाळी बदलतेय मावशी. न खेळता पण ढिली पडते. दर महिन्याला बदलते मी. ताई आल्या की लगेच हातात घेता यायला हवी."

मी रॅकेटच्या कडेने टेबल पुसलं. माशाचा मधला तुकडा मात्र अजून देणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरांनी सांगितलं, शीर पूर्ण जुळली, उद्यापासून पळायला हरकत नाही. डॉक्टरांना पण आश्चर्य वाटलं म्हणे, इतकं लवकर. मला नाही वाटलं. ही वही बघा म्हणावं.

मी लाल घेवड्याचा भात केला, आमच्याकडे शुभ काही झालं की करतात तसा. सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. कोझुए ताटाकडे बघत होती आणि एकदम रडायला लागली. रडू थांबेचना. मी पाठीवरून हात फिरवला. "अगं वेडे, एवढा आनंद?" म्हटलं तर आणखीच रडली.

भात अर्धा टाकला. आनंदाने पोट भरलं असणार. यादीत "अर्धा" असं लिहिते, कारण अर्धा तो अर्धा.

१५ जानेवारी, गुरुवार

रात्रभर बर्फ पडला. कंपनीचं उपाहारगृह बंद, कारण तिथला आचारी रस्त्यात अडकला. पाठवणीवाल्यांचा फोन आला, डबे मिळतील का? भाताचे गोळे वळले, समुद्री पाल्याचा कीस लावून, वीस माणसांचे. ढकलगाडी घेऊन गेले.

दारातूनच कोणीतरी बाई मोठ्याने भांडताना ऐकू आली. "ओगाता काका, तीनदा सांगितलं तुम्हाला, घाटातून जायचं नाही! गाडी फिरवा. हो, आत्ता. चहा मग प्या! आणि मागच्या दोघांना पण सांगा, समुद्राच्या रस्त्याने या. नाही ऐकलं तर मी स्वतः येऊन किल्ली काढून घेईन!"

मी आत डोकावले. कोझुए. उभी राहून बोलत होती, एका कानाला फोन, दुसरा फोन खांद्यात धरलेला, केसांत पेन्सिल. भिंतीवर नकाशा आणि त्यात रंगीत टाचण्या. तोंड लाल झालेलं. मी डबे घेऊन उभी आहे हे तिला दिसलंच नाही.

त्यांचे साहेब, म्हातारे चष्मेवाले, माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "आज आमची एकही गाडी अडकली नाही. या मुलीने पहाटेच सगळे रस्ते बदलले. फेब्रुवारीत ही परत खेळात गेली की आमचं काय होणार कोण जाणे. पण आम्ही तिला काही बोलत नाही हं. तिचं स्वप्न आहे ते."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

मग रिकामी ढकलगाडी घेऊन आले. येताना बर्फात दोनदा थांबले.

१६ जानेवारी

काल लिहिलेलं पान फाडावंसं वाटतं. कोझुए ओरडत नाही. अकरा वर्षांत तिने मीठ मागताना पण आधी माफी मागितली. मग ती काल कोण होती?

दुपारी सोया सॉस संपला म्हणून बाहेर पडले होते. जिमवरून गेले, खिडकीतून बघितलं. कोझुए धावत होती, फूल परतवत होती, सर सांगतील ते सगळं करत होती. पाय उत्तम चालतो. माझा पाय आहे तो, मी खाऊ घालून जोडलाय. पण दर थोड्या वेळाने ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

१९ जानेवारी

सकाळ: भात, सार, आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो. संपवलं.
संध्याकाळ: टोफू, कोंबडी. संपवलं.

विचारायचं होतं. विचारलं नाही. मी, जी सरांना तोंडावर "तुमचा सदरा मळलाय" म्हणते. उत्तर काय येईल याची भीती वाटली. ती नाही म्हणाली तर हे सहा महिने मी कोणासाठी रांधलं?

हे खरं आहे म्हणून लिहिलं. आहारवाल्या बाईंना वही देताना हे पान काढून देईन.

२५ जानेवारी, रविवार

बाकीच्या पोरी बाजारात गेल्या. कोझुए मदतीला आली, रविवारी येतेच. बुरी मासा आणि मुळ्याचा रस्सा करायचा होता. मी मासा कापत होते, ती मुळे सोलत होती.

मी मासा ठेवला, हात धुतले आणि विचारलं, "तुला खेळायचंय का?"

"हो मावशी. वीस दिवस राहिलेत, सर म्हणाले तयारी—"

"सर काय म्हणाले ते नाही विचारलं."

"सगळ्यांनी माझ्यासाठी इतकं केलंय. तुम्ही पण—"

"मी पण नाही विचारलं. तुला, तुला खेळायचंय का?"

ती मुळा सोलत राहिली. एवढा मोठा मुळा बोटाएवढा झाला तरी सोलत राहिली. मी काढून घेतला हातातून.

मग म्हणाली, खाली बघत, "मावशी, शीर तुटली ना तेव्हा मोठा आवाज झाला. मी खाली पडले. दुखायच्या आधी, सगळ्यात आधी मनात काय आलं माहितीये? वाटलं, चला, सुटले."

मी टपटपणारा नळ घट्ट केला.

"हे कोणाला सांगणार? सगळे धावत आले, मुली रडत होत्या, सर रडत होते. आणि मी सुटले म्हणत होते. मला माझीच लाज वाटते. म्हणून मी हो म्हणत गेले. सगळे जितकं करत गेले तितकं हो म्हणत गेले."

मला राग आला. खरा राग. म्हटलं, "आणि मी मूर्ख, रोज उठून पालक!"

"पालक मला आवडत नाही मावशी," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

"मग आधी बोलायचंस!"

"अकरा वर्षांपूर्वी?"

मी तिच्या डोक्यात टपली मारली. हात मासळीचा नव्हता, धुतलेला होता. सरांना सांगते म्हटलं तर हात जोडले, सांगू नका, त्यांनी जागा धरून ठेवलीय. मी वचन दिलं.

२८ जानेवारी

वचन मोडलं. तीन दिवस पाळलं, ते माझ्या मानाने पुष्कळ झालं.

सर चहाला आले तेव्हा विचारलं, "त्या पोरीला काय हवंय ते कधी विचारलंत?"

ते दचकले. कप खाली ठेवला. "कसं विचारणार मावशी? आमच्यात प्रशिक्षकाने खेळाडूला 'पुढे काय विचार आहे' एवढं विचारलं तरी त्याचा अर्थ एकच होतो. तू संपलीस, जा. आजवर मी चार जणींना ते विचारलंय. चौघी दुसऱ्या दिवशी सामान बांधून गेल्या. कोझुएला नाही विचारवत. तुटलेल्या पायाच्या मुलीला?"

"म्हणजे तुम्ही विचारलंत तर तिला वाटणार हाकलताहेत."

"हो."

"आणि ती बोलली तर तुम्हाला वाटणार उपकार विसरली."

"मला? नाही, नाही." मग म्हणाले, "ती काय बोलणार होती?"

मी कपाळाला हात लावला. मोठी माणसं, पदकं मिळवलेली, आणि एकमेकांच्या मनाची काळजी घेत सहा महिने गप्प.

"उद्या चार वाजता इथे या. तिला पण बोलावते. मी दार लावून घेईन."

२९ जानेवारी, गुरुवार

दोघं समोरासमोर बसली. आधी सर वाकले आणि माफी मागितली. मग ती वाकली आणि माफी मागितली. मग सर परत. मग ती परत. तिसऱ्या वेळी मी मध्ये चहाची किटली आपटली. "माफी पुरे. मुद्द्याचं बोला. मला सात वाजता बारा जणींना वाढायचंय."

कोझुए ताठ बसली. म्हणाली, "सर, पाय बरा झालाय. पण मला आता खेळायचं नाही. पाठवणी विभागात राहायचंय. मला ते काम आवडतं. खूप आवडतं."

सर टेबलाकडे बघत होते. मला वाटलं आता काही वाईट बोलतील. मग म्हणाले, "अकरा वर्षं तू एकदाही उशिरा आली नाहीस." एवढंच. आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

मग म्हणाले, "इबुकीला मी सांगतो."

"नाही, मी सांगते," कोझुए म्हणाली.

इबुकीला बोलावलं. मला वाटलं पोरगी उड्या मारेल. तिने सगळं ऐकलं आणि भोकाड पसरलं. "मला अशी बसून मिळालेली जागा नको! मी ताईंकडून जिंकून घेणार होते. मी रोज त्याच्यासाठी खेळत होते. ताई, तुम्ही आधी माझ्याशी खेळा. पूर्ण. हात राखायचा नाही. मग जा कुठे जायचं ते!"

कोझुएने तिला रुमाल दिला. म्हणाली, "शनिवारी?"

आज इबुकीला मधला तुकडा वाढला. तिने ताटात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, चुकून आलाय का?" म्हटलं, खा गुपचूप.

३१ जानेवारी, शनिवार

भाताचं भांडं लावलं, सार उतरवून ठेवलं आणि जिममध्ये गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा बसायला. पोरींनी मला उशी दिली. मी काय म्हातारी आहे?

मला खेळातलं कळत नाही. दिसलं ते लिहिते. इबुकी फूल मारते ते गारपीट झाल्यासारखं, काच फुटेल असं वाटतं. कोझुएचं तसं नाही. ती फूल नेटच्या पलीकडे अशी उतरवते, जसं झोपलेल्या माणसाजवळ कपबशी ठेवावी. इबुकी धावत येते आणि ते पडलेलं असतं. मी शेजारच्या मुलीला विचारलं, हे ती नेहमी करते? ती म्हणाली, "मावशी, यासाठी लोक तिकीट काढून यायचे."

अकरा वर्षं. आणि मी लोणचं मोजत बसले.

पहिला गेम कोझुएने घेतला. दुसरा इबुकीने, अगदी दोन पॉइंटने. तिसऱ्यात कोझुए दमली. ते वाढलेलं वजन, ते माझंच. पण घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. घामाने भिजून, कंबरेवर हात ठेवून, दात दाखवून हसत होती. इबुकीने एक पॉइंट कोपऱ्यात मारला तेव्हा तर स्वतःच ओरडली, "वा! परत मार बघू!"

इबुकी जिंकली, एकवीस-पंधरा. नेटखालून हात मिळवला तो सुटेचना. मग सगळ्या बाजूला झाल्या आणि कोझुए कोर्टाच्या रेषेवर उभी राहून रिकाम्या कोर्टाला वाकली. खेळून झालं की सगळ्याच वाकतात. ही वाकली ती वाकलेलीच राहिली. अकरा पोरी, एक प्रशिक्षक, कोणी हललं नाही.

मी रडले. डोळ्यांत काही गेलं नव्हतं, धूर नव्हता, कांदा नव्हता. रडले.

भात जरा लागला. सगळ्यांनी संपवला.

१० एप्रिल, शुक्रवार

संघातून बाहेर पडलेल्यांना वसतिगृहात राहता येत नाही. कोझुए महिन्यापासून दोन स्टेशनं पलीकडे खोली घेऊन राहते. लीगमध्ये इबुकी तीन सामने जिंकली, एक हरली, हरली तेव्हा दार आपटून अख्खी इमारत हलवली.

सध्या छोटे माकूळ आलेत बाजारात. मिसो घालून कोझुएला द्यावेत असं मनात आलं. एकटी पोरगी काय खात असेल? दुपारी फोन केला. म्हटलं, "रविवारी येते. माकूळ आणते, खोली पण झाडून देते. खिडकीला पडदे लावलेस का? पडदे पण बघते."

तिकडून आवाज नाही. मला वाटलं फोन बंद पडला.

मग म्हणाली, "नको मावशी."

"काय नको? माकूळ?"

"या रविवारी येऊ नका. मला दुपारपर्यंत झोपायचंय. मग काहीच करायचं नाहीये."

"काहीच म्हणजे?"

"काहीच."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. राग आला. पातेली घासायला घेतली, दोन आपटली. इबुकी डोकावली. "काय झालं मावशी? कोणी मेलं का?"

"कोझुएला रविवारी येते म्हटलं तर नको म्हणाली."

इबुकीचे डोळे मोठे झाले. "कोझुए ताई? नको म्हणाल्या? तुम्हाला?"

"तोंडावर."

"माफी मागितली?"

मी आठवून बघितलं. "नाही."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग इबुकीला हसू फुटलं, खिडक्या वाजल्या, आणि मला पण आवरेना. एप्रनने डोळे पुसायचे तर त्याला फेस लागलेला, तो डोळ्यांत गेला, तरी हसत होते.

माकूळ पोरींनीच संपवले.

सोमवारी परत फोन करीन. नको म्हणाली तर मंगळवारी.